तिबोटी खंड्या, मार्करने

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की माझा मार्करचा डबा कपाटातून बाहेर येतो आणि गणपतीपर्यंत टेबलावरच राहतो. कारण एकच, तिबोटी खंड्या. मी पनवेलला राहते, कर्नाळा जवळ आहे, आणि हा पक्षी नेमका पावसाबरोबर आमच्या भागात येतो. रायगडचा तो जिल्हा पक्षी. चिमणीपेक्षाही लहान, चोच धरून जेमतेम 13 सेंटिमीटर, पण एवढ्याशा अंगावर रंग किती! पोट हळदी पिवळं, डोकं नारिंगी, पाठ काळीनिळी, गळा पांढरा, चोच आणि पाय शेंदरी. आणि डोक्यावरून पार शेपटीपर्यंत एक जांभळट झाक. ती झाक कागदावर उतरवायची, यासाठीच माझी सगळी धडपड असते.

बहुतेक चित्रांत ही झाक सापडत नाही. निळा आणि नारिंगी हे दोन रंग ठळक लावले जातात आणि पक्षी आपल्या नेहमीच्या छोट्या खंड्यासारखा दिसू लागतो. जांभळ्याशिवाय तिबोटी होत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण मार्करने जांभळा मिळवणं अवघड असतं, कारण मार्करची शाई पारदर्शक. खालचा रंग वरच्या रंगातून दिसतच राहतो. पिवळ्यावर जांभळा फिरवला की दोघेही एकमेकांना मारतात आणि उरतो तो मातकट तपकिरी. म्हणून डोक्याला मी पिवळ्याचा हातच लावत नाही. आधी फिका गुलाबी, तो ओला असतानाच कडेने नारिंगी आत ओढायचा, आणि मग टाळूच्या मधोमध अगदी फिका जांभळा, टोक जेमतेम टेकवून. गुलाबी दोन्हीकडचा असल्यामुळे नारिंगीशीही जुळतो आणि जांभळ्याशीही. पोट मात्र सुरुवातीपासून पिवळं, आणि बाजूंना त्यावर नारिंगीचा एक हात.

क्रम नेहमी फिक्याकडून गडदाकडे. जलरंगातही हेच करतात, पण तिथे चुकलेला रंग ओल्या ब्रशने थोडा तरी उचलता येतो. मार्करची शाई कागदात मुरली की मुरली. शिवाय फिक्या मार्करचं टोक ओल्या काळ्याला लागलं तर टोकही मळतं. त्यामुळे पाठ सगळ्यात शेवटी. तिच्यासाठी काळा मार्कर सरसकट फिरवला की पक्षी कापून चिकटवल्यासारखा वाटतो. मी आधी गडद निळा लावते, तो वाळला की पंखांच्या कडांवर आणि पिसांच्या सावलीत काळा, आणि पंखांवर निळे ठिपके तसेच राखते. कानामागे गडद निळा डाग, त्याला लागून पांढरी रेघ. ती रेघ, गळा आणि डोळ्यातला चमकता ठिपका, तिन्ही ठिकाणी मी कोरा कागदच सोडते. पांढरं जेल पेन वापरायला हरकत नाही, पण कोऱ्या कागदाचा पांढरा जास्त स्वच्छ दिसतो. नारिंगी मान आणि निळी पाठ जिथे भेटतात तिथेही केसाएवढी फट ठेवायची, नाहीतर दोन्ही शाया एकमेकींत शिरतात.

पावसाळ्यात कागद सांभाळणं हे वेगळंच काम. हवेतल्या दमटपणाने तो मऊ पडतो. पाण्यावर आधारलेली ब्रश पेनं एकाच जागी दोन-तीनदा फिरवली की कागदाचे लोळे निघतात. शाळकरी मुलांच्या हातात बहुधा तीच पेनं असतात, त्यामुळे माझ्या भाचीला मी सांगते, एक हात फिरव, थांब, वाळू दे, मग दुसरा. अल्कोहोलचे मार्कर महाग, पण लवकर वाळतात आणि कडा एकमेकींत मिसळू देतात. ते कागदाच्या मागच्या बाजूला उतरतात, म्हणून खाली एक जाड कागद हवाच. आणि पेन्सिलची रेघ रंगवण्याआधी खोडरबराने अगदी पुसट करायची, नाहीतर फिक्या पिवळ्यात शिशाचा करडेपणा पसरतो.

पायांशी भाचीने मला अडवलं होतं.

"मावशी, तीनच बोटं? एक राहिलं की."

"नाही गं, याला तीनच असतात. दोन पुढे, एक मागे."

तिने तिच्या चित्रातलं चौथं बोट खोडलं आणि पुढची दोन बोटं मुळाशी जोडलेली काढली. मी तसं सांगितलं नव्हतं. तिने फोटोत बघून काढली, आणि बरोबर काढली. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

फोटोंबद्दल मात्र मला बोलायचंच आहे. हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून घरटं करतो, नर आणि मादी मिळून. बीळ कधी मीटरभर लांब असतं. पिल्लं झाली की आईबाप दिवसभर सापसुरळ्या, छोटे बेडूक, खेकडे, कोळी आणत असतात. कोकणात असं घरटं कुणाला सापडलं की बातमी फिरते आणि दरडीसमोर ट्रायपॉड उभे राहतात. मी हे लांबून पाहिलेलं आहे. चोचीत सापसुरळी धरलेला खंड्या फांदीवर बसून राहतो, माणसं हलत नाहीत, तोही बिळाकडे जात नाही, आणि आत पिल्लं भुकेली. तो फोटो कितीही सुंदर आला तरी मला नको. वाटेवरूनच दुर्बिणीतून दिसेल तेवढा पाहायचा, त्याची बारीक, तीक्ष्ण शीळ कानावर घ्यायची आणि घरी यायचं. चित्र काढणाऱ्याला जवळ जायची गरज नसते. बसण्याची ढब आणि डोक्याचं चोचीशी असलेलं प्रमाण तेवढं डोळ्यांत ठेवायचं. चोच डोक्यापेक्षा लांब असते, हे एक लक्षात राहिलं तरी निम्मं चित्र जमतं. पिसांचे बारकावे पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकांत मिळतात.

एक गोष्ट मार्करला कधीच जमणार नाही. पक्ष्यांच्या पिसांमधला निळा हा सहसा रंगद्रव्याचा नसतो. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परततो तेव्हा आपल्याला निळा दिसतो. म्हणून ढगाळ उजेडात तिबोटीची पाठ जवळजवळ काळी भासते आणि उन्हाची तिरीप आली की निळी पेटते. कागदावर दोन्ही एकाच वेळी दाखवता येत नाहीत. मी ढगाळ उजेडातली पाठ निवडते. आपण त्याला पाहतो ते पावसात, आणि काळ्या पाठीशेजारी डोक्यावरचा जांभळा जास्त खुलतो.

चित्र झालं की फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह होतो. लावू नका. बहुतेक मार्करची शाई उन्हात उडते, आणि सगळ्यात आधी उडतात ते गुलाबी आणि जांभळा. मूळ चित्र फाइलमध्ये, अंधारात ठेवा. भिंतीसाठी स्कॅन करून प्रिंट काढा, आणि प्रिंटवाल्याला आधीच सांगा की जांभळा निळ्याकडे झुकू देऊ नको.