बरडावरील शिळावर्तुळांची नोंद करताना

नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांविषयी, म्हणजे प्राचीन दफनांभोवती मोठे दगड गोलाकार मांडून केलेल्या कड्यांविषयी, ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली लिहिले, आणि पुढे नागपूर जिल्ह्यातीलच माहूरझरी व नायकुंड येथील उत्खननांमुळे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील विदर्भाचे चित्र बरेच स्पष्ट झाले. नायकुंडला तर लोखंड गाळण्याच्या भट्टीचे अवशेष मिळाले. परंतु काटोल तालुक्यातील आमच्या गावाजवळच्या बरडावर जी वर्तुळे आहेत, त्यांचा उल्लेख मला कोठेही आढळला नाही, म्हणून त्यांची नोंद करण्याचे मी हाती घेतले.

सुरुवात गूगल अर्थवरील उपग्रहचित्रांपासून केली. पावसाळ्यानंतरच्या चित्रांत गवताखाली काहीच उमटत नाही. एप्रिल-मे महिन्यांच्या चित्रांत मात्र फिकट मुरमावर काळे दगड ठळक दिसतात. तेथे मागील वर्षांची चित्रेही पाहता येतात आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची सोय हीच आहे, कारण आज जेथे संत्र्याची बाग उभी आहे तेथे जुन्या चित्रात दगडांचे संपूर्ण कडे होते. वावरात जाऊन पाहिले, तेव्हा तसलेच मोठे दगड धुऱ्यावर रचलेले आढळले.

तरीही वरून गोल दिसणारी प्रत्येक खूण शिळावर्तुळाची नसते. जुने खळे आणि बुजलेली विहीर यांचाही गोल उमटतो, आणि हा भेद गावातील वयस्क ढोरक्यांनी मला जागेवर उभे राहून समजावला. त्यांच्याशिवाय माझी यादी निरुपयोगी ठरली असती.

मोबाइलच्या जीपीएसमध्ये काही मीटरांचा फरक पडतो. त्यामुळे वर्तुळाच्या मध्याचे स्थान नोंदवून व्यास टेपने मोजला आणि सर्व माहिती क्यूजीआयएस या नकाशे तयार करण्याच्या मोफत संगणक प्रणालीत भरली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. उन्हे कलल्यावर, एकमेकांवर येतील अशी पुष्कळ छायाचित्रे चहूबाजूंनी घेऊन त्यांचे त्रिमितीय प्रारूप केले. त्यावर संगणकात तिरपा प्रकाश टाकताच झिजलेले खळगेही ओळीने दिसू लागले.

नकाशा तयार झाला, पण अचूक अक्षांश-रेखांश मी सर्वांसाठी खुले केले नाहीत, कारण गुप्तधनाच्या आशेने अशी ठिकाणे खणली जातात. संपूर्ण यादी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे अर्जासोबत दिली आणि गट क्रमांकांनुसार एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवली, म्हणजे जमीन सपाट करण्यासाठी जेसीबी बोलावण्यापूर्वी तेथे विचारता येईल.