आईची खोली, कडुलिंब आणि इंटिरियरवाले

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची मागची खोली तिच्यासाठी नीट करायला घेतली. पुढचे काही महिने मुक्काम तिथेच, आणि वर बडोद्याचा उन्हाळा.

इंटिरियरवाल्यांनी 'नेचर थीम' दाखवली. एका भिंतीवर प्लास्टिकचं गवत, कोपऱ्यात विजेवर चालणारा धबधबा. आईने एवढंच विचारलं, "ते गवत पुसणार कोण?" थीम तिथेच संपली.

मी जरा वाचून काढलं. रॉजर उलरिक या अमेरिकी संशोधकाच्या १९८४ च्या अभ्यासात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ रुग्ण होते. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले; त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. म्हणजे पलंगावरून काय दिसतं, हे महत्त्वाचं. आणि आमच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर शेजाऱ्यांचा कडुलिंब होताच, फक्त निम्मी खिडकी कपाटाने अडवली होती. सुताराने कपाट हलवलं. पलंगाचं डोकं पूर्वेला केलं. दक्षिणेला पाय नकोत, हा आईचा नियमही आपोआप पाळला गेला.

खरी डोकेदुखी दुपारच्या उन्हाची. आतला पडदा फारसा कामाचा नाही. काचेतून ऊन आत शिरलं की उष्णता खोलीतच राहते. म्हणून बांबूची चिक बाहेरून लावली आणि एप्रिल-मेसाठी वाळ्याचा पडदा. हवा कोरडी असेपर्यंत तो शिंपडला की गारवा आणि वास दोन्ही. भिंतींचा ऑइलपेंट खरवडून चुना दिला. कोटा फरशी तशीच ठेवली.

कुंड्या मोजक्याच. झाडं हवा शुद्ध करतात, हे नासाच्या १९८९ च्या बंद पेटीतल्या प्रयोगावरून पसरलं. साध्या खोलीत तो परिणाम हवा असेल तर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. मग पलंग कुठे ठेवायचा? मनी प्लांट आहे तो दिसायला छान म्हणून.

संध्याकाळसाठी पांढरी ट्यूब काढून पिवळे दिवे लावले. त्यात पोथी दिसेना, म्हणून उशाशी वेगळा दिवा आला. चिकेवरून मात्र रोज वाद: मी दुपारी खाली सोडते, आई चार वाजायच्या आत काठीने वर करायला लावते, कारण तिला खारी बघायच्या असतात. वाळा पहिल्या पावसाआधी उतरवायचा आहे, नाहीतर कुबट वास धरतो.