तुम्ही विचारलंत म्हणून: या अक्षराला पाय आहेत का?

सदाशिव पेठेतल्या माझ्या टेबलाशी बसून बोर्डाचा नाहीतर लेटरहेडचा नमुना बघणारा माणूस हमखास विचारतो, "हे इंग्रजी अक्षर सेरिफ आहे की नाही? पाय दिसतात, पण बोट ठेवायला गेलं की सापडत नाहीत."

आहेतही आणि नाहीतही. टाइम्ससारख्या अक्षरात उभ्या दांडीखाली वेगळी आडवी पट्टी असते, चपला घातल्यासारखी. हे पाय म्हणजेच सेरिफ. हेल्वेटिकाची दांडी अनवाणी, वरपासून खालपर्यंत सरळ. या तिसऱ्या जातीत दांडी कमरेत बारीक असते आणि टोकांकडे हळूहळू रुंद होत जाते. डमरू घ्या आणि उभा ताणा. याला फ्लेअर्ड सेरिफ म्हणतात. मी आपलं डमरू अक्षरच म्हणतो, गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

या घराण्यातलं माझं लाडकं अल्बर्टस. बर्थोल्ड वोल्पे हा जर्मन कारागीर कांस्यावर अक्षरं काढायचा, पण अक्षर न कोरता भोवतालची जागा खोदून. अक्षर उठावाचं राहायचं. त्या कामावरून 1932 मध्ये स्टॅन्ली मॉरिसनने त्याला मोनोटाइप या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी छपाईचं अक्षर घडवायला सांगितलं. हत्यार बाहेरून अक्षराच्या कडेपर्यंत येऊन थांबतं, म्हणून कोपरे टोकदार, पण नखरा नाही. लंडनच्या जुन्या 'सिटी' भागातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर ते आहे.

जाड वजनात त्याची खरी गंमत कळते. दांडी जाड झाली तरी कमरेशी थोडा पांढरा श्वास उरतो, त्यामुळे शब्द ठोकळ्यासारखा बसत नाही. मागून दिवा लावलेल्या बोर्डावर उजेड कोपरे गोल करून टाकतो. इथे टोकं आधीच रुंद, म्हणून लक्ष्मी रोडच्या पलीकडच्या फुटपाथवरूनही अक्षर ताठ दिसतं. सराफ, प्रकाशक, नाटकाची जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ: दोन-तीन शब्द, मोठे. झालं. मजकुराला मागू नका. फोनवरच्या मेनूत तो डमरू विरघळतो आणि उरतं जरा सुजलेलं साधं अक्षर. (तरी लोक मागतात. पुण्यात नको म्हटलेलं मागायची पद्धत आहे.)

मग पुढचा प्रश्न: "मराठी नावही याच स्टाइलमध्ये द्या ना." एका फरसाणवाल्यासाठी मी ते केलं होतं. प्रत्येक काना दोन्ही टोकांना रुंद. प्रिंट आली तेव्हा शिरोरेषेखाली जिथे तिथे काळे त्रिकोण, जणू काजळी धरलेली. बोर्ड लावायला आलेले जुने पेंटरकाका बघतच राहिले. म्हणाले, "अहो, काना वर टांगलेला असतो. खांबासारखा उभा केलात तुम्ही."

बरोबर होतं त्यांचं. देवनागरीत कान्याचं फक्त खालचं टोक मोकळं असतं. शिवाय आपल्या बोरूचा कट रोमन लेखणीच्या उलट्या बाजूचा, म्हणून जाड-बारीकही उलट्या तिरपेपणाने पडतं. इंग्रजीचा साचा उचलून चालत नाही. आता मी अल्बर्टसशेजारी बोरूच्या वळणाची जाड देवनागरी ठेवतो, कान्याचं खालचं टोक तिरकं कापलेलं, आणि उंची जुळवताना शिरोरेषा इंग्रजी कॅपिटलच्या माथ्याच्या किंचित खाली घेतो, म्हणजे वरच्या वेलांट्या-मात्रांना जागा राहते. फरसाणवाल्याचा बोर्ड मी माझ्या खर्चाने बदलून दिला.