यण्णीमज्जनाच्या दिवशी अडलेली स्क्रिप्ट

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरच्या कारखान्यांचं वेळापत्रक ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या हाती जातं. होम मैदानावर गड्डा यात्रा भरते आणि यण्णीमज्जनाच्या दिवशी सातही नंदीध्वज अडुसष्ट लिंगांच्या तेलाभिषेकासाठी शहरातून निघतात. त्या दिवशी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामावर कोण येईल आणि कोण नाही, हे मुकादमही विचारत नाहीत. नेमकं याच दिवसांत तिकडे जर्मनीत, फ्रँकफर्टला, हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन असतं. आमचे मालक तिकडे स्टॉल लावत होते, निम्मा कारखाना यात्रेत होता आणि मर्चंडायझिंगच्या टेबलावर मी एकटी.

मी टेरी टॉवेलच्या एका निर्यात युनिटमध्ये आहे. प्रत्येक सॅम्पलचा फोटो, साईज, जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), शेड यांची नोंद ठेवणं आणि बायरला हवं ते हव्या त्या स्वरूपात पाठवणं, हे माझं काम. दुपारी दोनच्या सुमारास मालकांचा फोन आला. बायरच्या सिस्टीमला आमच्या फोटोंची नावं चालत नव्हती. त्यांनी एक यादी पाठवली होती: एका रकान्यात आमचं नाव, शेजारच्या रकान्यात त्यांचा कोड. "सगळे फोटो त्यांच्या कोडनं नाव बदलून आज रात्रीत चढवा. उद्या सकाळी मीटिंगला त्यांच्या स्क्रीनवर दिसले पाहिजेत." फोटो सातशेच्या वर होते.

आमच्या ऑफिसात एक जुना लिनक्स सर्व्हर आहे. तो बसवणारा मुलगा इथलाच, आता पुण्यात नोकरीला. सोलापूरची शिकलेली पोरं हुतात्मा एक्सप्रेसनं जातात ती तिकडचीच होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण हा मुलगा जाताना काम नीट लावून गेला होता. नावं बदलायची स्क्रिप्ट, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या हुकुमांची फाइल, त्यानं लिहून ठेवली होती आणि ती कितीतरी दिवस बिनतक्रार चालत होती. त्या दिवशी मात्र चाचणीसाठी काढलेल्या दहा-बारा फोटोंवर ती चालवली आणि प्रत्येक ओळीला एकच तक्रार आली: शेवटचं नाव हे फोल्डर नाही. एकाही फाइलचं नाव बदललं नव्हतं. त्याला फोन लावला, लागला नाही. स्क्रिप्ट उघडली तर सगळ्यात वर त्यानं एक टिपण सोडलेलं होतं: अडलं तर या खोलीत विचारा. खाली आयआरसीवरच्या एका चॅटखोलीचा पत्ता.

आयआरसी म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांची फार जुनी पद्धत. १९८८ साली फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ती सुरू केली. तिथे फोटो नाहीत, लाईक नाहीत, नुसत्या ओळी सरकत जातात. त्या खोलीत लोक फक्त बॅशबद्दल बोलत होते. बॅश म्हणजे लिनक्सला हुकूम सोडायचं ते काळ्या पडद्यावरचं शेल. स्क्रिप्टमध्ये फाइलचं नाव बदलणारा हुकूम म्हणजे एमव्ही. मी माझी ओळ टाकली: अमुक ठिकाणी एमव्ही अडतं, काय करू?

उत्तराऐवजी प्रश्न आले. मूळ फाइलचं नाव जसंच्या तसं दाखवा. स्क्रिप्टमधली ती ओळ जशीच्या तशी दाखवा. आणि शेवटी तुम्हाला हातात काय हवं आहे? पहिले दोन प्रश्न मला समजले. तिसऱ्यानं मी थांबले, कारण मी फक्त अडलेल्या ओळीबद्दल विचारत होते आणि मला हवे होते बायरच्या कोडचे सातशे फोटो. ते लिहिल्यावर बोलण्याचा रोखच बदलला. समोरच्यानं आधी सांगितलं की मूळ फोल्डरला हात लावू नका, नावं बदलू नका, नव्या फोल्डरात नव्या नावानं प्रती करा. डिस्कवर जागा आहे का तेही बघायला लावलं. जागा होती. त्या एका सूचनेनं माझी निम्मी भीती गेली, कारण आता काहीही बिघडलं तरी मूळ फोटो जागेवर राहणार होते.

मग त्यानं मला एक छोटी ओळ चालवायला दिली. फाइलचं नाव एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायचं आणि प्रिंटएफ या छापायच्या हुकुमाला सांगायचं की तुला मिळालेली प्रत्येक गोष्ट कंसात घालून वेगळ्या ओळीवर दाखव. आधीचे फोटो टीटी०४५० अशा नावांचे असत. दिवाळीपासून नवा फोटोग्राफर पूर्ण नाव लिहू लागला होता. पडद्यावर आलं ते असं:

<बाथ>
<टॉवेल>
<स्काय>
<ब्लू>
<७०बाय१४०.जेपीजी>

मागे फोल्डिंगचे अण्णा येऊन उभे होते. अशोक चौकातले, घरी तेलुगू बोलणारे, हयात टॉवेलात गेलेली. यात्रेला रात्री जाणार म्हणून दिवसा कामावर आले होते. ते वाकून बघत म्हणाले, "काय ओ ताई, एका टॉवेलचे पाच नग केले की मशीननं!"

अगदी तेच झालं होतं. व्हेरिएबल उघडं लिहिलं की शेल त्यातली किंमत घेतं आणि स्पेस, टॅब किंवा नवी ओळ दिसेल तिथे तिचे तुकडे करतं. वर त्या तुकड्यांत तारा किंवा प्रश्नचिन्ह असेल तर फोल्डरातल्या जुळणाऱ्या नावांनी ते भरूनही टाकतं. एमव्हीला जुनं आणि नवं अशी दोन नावं मिळायला हवी होती, मिळाली सहा: जुन्याचे पाच तुकडे आणि एक नवं. दोनापेक्षा जास्त नावं आली की शेवटचं नाव फोल्डरच असलं पाहिजे असं एमव्ही धरून चालतं, म्हणून ती तक्रार. आता त्याच व्हेरिएबलच्या दोन्ही बाजूंना डबल कोट लावले आणि ओळ पुन्हा चालवली. एकच कंस, आत अख्खं नाव. अण्णा म्हणाले, "सुतळी बांधली बघा गठ्ठ्याला." मला याहून चांगलं स्पष्टीकरण अजून कुठे सापडलेलं नाही.

हे असं का ठेवलंय, असं मी खोलीत विचारलं. कुणी हसलं नाही. सांगितलं की ही चाल १९७९ च्या सुमाराच्या बोर्न शेलपासूनची आहे. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी बॅश केलं तेव्हा जुन्या स्क्रिप्टा चालत राहाव्यात म्हणून हा स्वभाव तसाच ठेवला. झी शेलमध्ये असे तुकडे आपोआप होत नाहीत. बॅशमध्ये राहायचं तर कोट लावायची सवय हवी.

इतक्यात दुसऱ्या एकानं तयार एकओळी उपाय टाकला: सगळ्या स्पेसच्या जागी अंडरस्कोअर घाला, काम संपलं. दिसायला फार सुटसुटीत. पण पहिल्यानं लगेच विचारलं, "एकाच फोल्डरात स्पेसचं आणि अंडरस्कोअरचं अशी दोन्ही नावं असतील तर?" एमव्ही काही न विचारता एकावर दुसरं लिहून टाकतं, आणि फोटो गेल्याचा निरोपसुद्धा देत नाही. आयती ओळ उचलून चालवणाऱ्यानं इथे थांबायला हवं, असं मला त्या दिवसापासून ठामपणे वाटतं. ओळ बरोबर असू शकते, पण तुमच्या फोल्डरात काय आहे हे ती देणाऱ्याला माहीत नसतं.

मग आम्ही यादीकडे वळलो. एक्सेलमधून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल, करून सर्व्हरवर टाकली. स्क्रिप्टनं ती ओळीओळीनं वाचायची, स्वल्पविरामावर तोडून जुनं आणि नवं नाव घ्यायचं, आणि सीपीनं प्रत करायची. प्रत्यक्ष करायच्या आधी सीपीच्या जागी नुसतं छापून बघा, असं ठरलं. मी इको या साध्या छापायच्या हुकुमानं छापलं. सगळं छान दिसत होतं. पण समोरच्याला पटेना. तो म्हणाला, प्रिंटएफला टक्का-क्यू द्या, म्हणजे न दिसणारी अक्षरंही दिसतील. दिलं. प्रत्येक नव्या नावाच्या शेवटी जेपीजीनंतर तिरकी रेघ आणि आर उमटलं.

विंडोजमध्ये ओळ दोन चिन्हांनी संपते, लिनक्समध्ये एकानं. यादी विंडोजवर बनलेली, त्यामुळे तिथलं एक चिन्ह प्रत्येक ओळीच्या टोकाला चिकटून आलं होतं. इकोनं छापताना ते डोळ्याला दिसत नाही. तसंच पुढे गेलो असतो तर सातशे फोटोंच्या नावांना अदृश्य शेपूट लागलं असतं आणि बायरच्या सिस्टीमनं ते सगळे परत फेकले असते, तेही रात्री, कुणी बघायला नसताना. फाइल दाखवणाऱ्या कॅट या हुकुमाला मोठा ए देऊन यादी बघितली तेव्हा पहिल्या ओळीच्या आधीही तीन विचित्र चिन्हं निघाली. ती एक्सेलनं यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करताना घातलेली खूण. दोन्ही काढून यादी स्वच्छ केली आणि मगच पुढे गेलो.

शेवटची तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते. बायरच्या कोडचा रकाना वेगळा काढा, सॉर्ट करा, आणि युनिक या हुकुमाला सांगा की फक्त दोनदा आलेले दाखव. उत्तर कोरं येईल असं मी धरलं होतं. एक कोड आला. एकच क्रमांक दोन टॉवेलांना: आमच्या नोंदीत एक पीच, दुसरा कोरल. म्हणजे यादीतच चूक, आणि प्रती करताना दोघांपैकी एकच फोटो उरला असता.

फोटोत दोन्ही सारखेच दिसत होते. अण्णा काही न बोलता सॅम्पलच्या रॅककडे गेले, दोन्ही नग घेऊन आले आणि खिडकीपाशी उजेडात शेजारी शेजारी धरले. मग काठावरची विण मला बोटानं दाखवली. "रंग सोडा ओ ताई, बॉर्डर बघा. ह्याची डॉबी आहे, त्याची साधी. दोन वेगळे माल आहेत." मी मालकांना फोन केला. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे थंडीत तिकडे दुपारचे दीड, त्यामुळे बायरचा माणूस जागेवर सापडला. अर्ध्या तासात दुरुस्त कोड आला. त्यांच्याकडून टाईप करताना एक आकडा चुकला होता.

त्यानंतरचं काम झटपट झालं. स्क्रिप्ट चालवली. सीपीला आधीच्या फाइलवर लिहू नको अशी सूचना होती, आणि नावाची सुरुवात हायफननं झाली तर ते नाव पर्याय समजलं जाऊ नये म्हणून दोन हायफनही होते. नव्या फोल्डरातले फोटो आणि यादीतल्या ओळी मोजल्या, जुळल्या. चढवायला मात्र इंटरनेटच्या वेगानं बराच वेळ घेतला. खोलीत आभार मानले तेव्हा मदत करणारा एवढंच म्हणाला, स्क्रिप्ट शेलचेकमधून काढून घ्या. कोण होता, कुठला होता, मला माहीत नाही.

शेलचेक हे स्क्रिप्ट वाचून चुका सांगणारं मोफत साधन आहे. यात्रा संपून लूम पूर्ववत सुरू झाल्यावर मी सर्व्हरवरच्या जुन्या स्क्रिप्टा एकेक करून त्याला दिल्या. बहुतेक ठिकाणी एससी२०८६ हा इशारा आला, म्हणजे कोट नाहीत. पण रात्री आपोआप चालणाऱ्या साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये एक वेगळी ओळ निघाली. एका व्हेरिएबलमधल्या फोल्डरातलं सगळं पुसून टाका, असा आरएमचा हुकूम. ते व्हेरिएबल कधी रिकामं राहिलं तर तोच हुकूम डिस्कच्या मुळापासून पुसायला लागला असता. मी पुन्हा त्या खोलीत गेले, ओळ जशीच्या तशी दाखवली आणि मला शेवटी काय हवं आहे तेही आधीच लिहिलं. उत्तर लगेच मिळालं: व्हेरिएबलचं नाव महिरपी कंसात घ्या आणि त्याच कंसात नावानंतर लगेच कोलन आणि प्रश्नचिन्ह घाला, म्हणजे ते रिकामं असलं तर शेल तिथेच थांबेल. आधी व्हेरिएबल मुद्दाम रिकामं ठेवून, आरएमच्या जागी इको घालून बघितलं. शेल थांबलं. मग आरएम परत घातलं, मालकांना काय बदललं ते सांगितलं, आणि सगळ्या सॅम्पल फोटोंचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतल्यावरच ती रात्रीची स्क्रिप्ट चालू केली.