काशियशच्या स्टेशनवर

शनिवार, रात्र. इथे लिस्बनला साडेआठ वाजलेत म्हणजे घरी गोव्यात, फोंड्याला, एक वाजून गेला असेल. डोळे मिटतायत, पण आजचं आजच लिहिते.

प्रवासाचं फार काही नाही. मोपाहून मुंबई, मुंबईत सहा तास खुर्चीत बसून काढले, मग पहाटेचं दोह्याचं विमान आणि तिथून आठ तास लिस्बन, मधली सीट, पाय सुजून भोपळे. काल दुपारी उतरले तर मैत्रीण न्यायला आलेली. मेट्रोने तिच्या खोलीवर गेलो, वरणभात जेवले आणि जी झोपले ती आज पहाटे साडेतीनला टक्क जागी. घरी तेव्हा आठ वाजलेले. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, येऊन गेला असेल, सायकलचा भोंगा वाजवत. इतक्या लांब येऊन पहिली आठवण त्या भोंग्याची आली.

मैत्रिणीला शनिवारी सुट्टी नसते, हॉटेलातली नोकरी. तिच्या वडिलांचा जन्म 1961 च्या आधीचा, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हाचा, त्यामुळे तिला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. आमच्या आजोबांसमोर हा विषय काढायची सोय नव्हती. ते ओरडायचे नाहीत, पण उठून बाल्कांवात, बाहेरच्या ओसरीवर, जाऊन बसायचे. मैत्रिणीवर माझा राग नाही, तिने घर उभं केलंय त्या पगारावर. पण आजोबांचं ते उठून जाणंही मला खोटं वाटत नाही.

सकाळी एकटीच निघाले. कोपऱ्यावरच्या बेकरीत काय मागायचं सुचेना म्हणून सरळ पाव म्हटलं, आणि बाईने पाव काढून दिला! त्यांचा उच्चार थोडा नाकातून, एवढाच फरक. मग दिवसभर तेच चालू. बटाटा, साबण, चावी, खिडकीला जनेल. आजीच्या तोंडचे शब्द इथे दुकानांच्या पाट्यांवर. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स बघून पणजीतलं फोंतेंज आठवलं, फूटपाथ मात्र छोट्या छोट्या चौकोनी दगडांचे आणि चालून चालून इतके गुळगुळीत झालेत की उतारावर चप्पल सटकते, बूट घालून या.

नदीकाठच्या मोठ्या चौकात बराच वेळ बसले. तीन बाजूंना पिवळ्या इमारती आणि चौथी बाजू नदीला मोकळी. इथे आधी राजाचा वाडा होता, 1755 च्या 1 नोव्हेंबरच्या भूकंपात आणि मागोमाग आलेल्या लाटांत गेला, मग हा सगळा भाग नव्याने आखून बांधला. तेजो नदी इथे इतकी रुंद आहे की मला तो समुद्रच वाटला. पलीकडे जायला बोटी सुटत होत्या आणि मला पणजी-बेतीची फेरीबोट दिसायला लागली.

बेती म्हटलं की आमच्या घरात एकच गोष्ट निघते. मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला मास्तर म्हणून आलेले, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले आणि 1955 साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळ्या लागून पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. पुढे त्यांना इकडे पोर्तुगालला आणून लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात, तिथल्या तुरुंगात ठेवलं. गोवा 1961 च्या 19 डिसेंबरला मोकळा झाला, आम्ही दरवर्षी झेंडावंदन करतो, पण ज्यांनी त्यासाठी गोळ्या खाल्ल्या ते सुटले 1969 च्या जानेवारीत. म्हणजे गोवा सुटल्यावरही सात वर्षं ते आत. आजोबा हे सांगताना दर वेळी सात बोटं वर करायचे, आकडा तोंडाने सांगून त्यांचं भागायचं नाही.

तर मी त्यासाठीच काइश दो सोद्रेहून काशकाइशची लोकल धरली. डाव्या खिडकीशी बसायचं, पाणी त्या बाजूला. 25 एप्रिलचा लाल पूल डोक्यावरून गेला, 1966 ला उघडला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, 1974 च्या क्रांतीनंतर बदललं. मग बेलें. इथूनच 1497 च्या जुलैत वास्को द गामा निघाला, आणि त्याची कबरही इथल्याच मठाच्या चर्चमध्ये आहे. बघायला लोकांची ही रांग, गाडीतून दिसत होती. मी उतरले नाही. आणखी थोड्या स्टेशनांनंतर काशियशची पाटी आली आणि पोटात काहीतरी हललं.

अगदी साधं स्टेशन आहे. उतरलेली आम्ही चारपाच माणसं, त्यात टॉवेल घेतलेली दोन पोरं. रस्त्यापलीकडे लगेच समुद्र, छोटी पुळण. तुरुंग वर टेकडीच्या बाजूला, तिथवर मी गेले नाही, प्लॅटफॉर्मवरच उभी राहिले. कोणीतरी मराठीची बाराखडी शिकवणारा माणूस इथे, एवढ्या लांब, ज्याची भाषा बोलायला आसपास जवळजवळ कोणी नाही... पुढे विचार करवेना.

बाबांना फोन लावला. म्हटलं, काशियशला उभी आहे. ते काहीच बोलले नाहीत बराच वेळ. मग विचारलं, "जेवलीस का गं?" मी हो म्हटलं, जेवले नव्हते. आवाज त्यांचा बसलेला होता.

मग पाण्यापाशी गेले, पाय भिजवले. ऑक्टोबरात पाणी बर्फ. काशकाइश राहूनच गेलं, परतीची गाडी धरली. बुटांत वाळू आलीय, ती अजून झाडली नाही.