४२९४९६७२९७ हा आकडा हाताने फोडला, माझा अनुभव

आकडा म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही रांग (२ चा १, २, ४, ८, १६ वा घात अधिक १) पुढे कितीही नेली तरी मूळ संख्याच येणार असं फ्रेंच गणिती फर्माचं १६४० पासूनचं मत, आणि हा त्याच रांगेतला पुढचा गडी. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये तो फोडला, म्हणजे त्याचे अवयव काढले. उत्तर मोबाईलवर सेकंदात मिळतं हो, पण मला बघायचं होतं की कागद-पेन घेऊन माणूस तिथवर पोचतो कसा, कारण सरळ भाग देत बसायचं तर वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे ६५५३६ पर्यंतच्या, ६५४२ मूळ संख्या, आणि एवढा पेशन्स माझ्यात नाही.

तर युक्ती अशी. समजा एखाद्या मूळ संख्येने याला भाग गेला, तर तिने भागून बाक्या बघितल्या की २ च्या ३२ व्या घाताला उणे १ येतो, ६४ व्याला १, आणि त्याच्या आधी १ कुठेच येत नाही. आता फर्माचंच छोटं प्रमेय लावा (त्या मूळ संख्येहून १ ने कमी एवढा २ चा घात घेतला की बाकी १ येते), त्या मूळ संख्येतून १ काढला की उरलेल्याला ६४ ने भाग जायलाच पाहिजे. (स्वतःच्याच प्रमेयाने स्वतःचा दावा पडला, बिचारा!)

मग उरतात कोण, १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ वगैरे. २५७ ला तर भागायचंही नाही, कारण आपल्या आकड्यातून २ काढले की रांगेतल्या आधीच्या पाचही जणांचा गुणाकार उरतो, म्हणजे बाकी २ ठरलेली. १९३, ४४९, ५७७ ला बाकी उरली, ६४१ ला शून्य! भागाकार ६७००४१७.

आता हा पुढे फुटतो का? इथे फ्रेंच गणिती लुकासची १८७८ ची सुधारणा घेतली, ६४ च्या जागी सरळ १२८. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, तिथपर्यंत बसणाऱ्या मूळ संख्या फक्त २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या आल्या १७०, ४४, १२०, ३३४, ६२२. झालं, मूळ संख्या.

खरी मजा पुढे. आपला आकडा म्हणजे ६५५३६² + १², दोन वर्गांची बेरीज, आणि त्याचे दोन्ही अवयवही तसेच: ६४१ = २५² + ४² आणि ६७००४१७ = २५५६² + ४०९² (ही दुसरी जोडी शोधताना घाम निघाला). २५×४०९ = १०२२५, ४×२५५६ = १०२२४, फरक बरोब्बर १, आणि तोच ६५५३६² + १² मधला १! वजाबाकीच्या जागी बेरीज घेतली की दुसरी जोडी, ६२२६४² + २०४४९². आकडा मूळ असता तर जोडी एकच निघाली असती.

रांगेतला पुढचा १८४४६७४४०७३७०९५५१६१७, त्याचा लहान अवयव २७४१७७, म्हणजे २५६ ची १०७१ वी पट अधिक १. फ्रेंच गणिती लँड्रीने १८८० मध्ये काढला, वय ८२. तो मी कॉम्प्युटरलाच देणार.