बोर्दो ते सेत: गाड्या टाळून फ्रान्समधून सायकलवर

फ्रान्सच्या सायकल नकाशावर दोन प्रकारच्या वाटा दिसतात आणि पहिल्यांदा बेत आखणारे त्या हमखास एकच समजतात. ‘व्हॉय व्हेर्त’ म्हणजे मोटारगाड्यांना मज्जाव असलेली वाट. तिला 2004 पासून फ्रेंच वाहतूक कायद्यात वेगळा दर्जा आहे. ‘व्हेलोरूत’ म्हणजे पाट्या लावलेला लांब पल्ल्याचा मार्ग. तो थोडा व्हॉय व्हेर्तवरून जातो, थोडा कालव्याच्या काठाने आणि बाकीचा गावातल्या शांत डांबरी रस्त्यांनी. प्रसिद्ध ‘ल्वार आ व्हेलो’ 900 किलोमीटरचा आहे, पण त्याचा बराच भाग अशाच रस्त्यांवर आहे. रस्ते निवांत असतात हे खरं, तरी ट्रॅक्टर आणि मोटारी येतातच. सोबत लहान मुलं असतील किंवा गाड्यांची धास्ती असेल, तर मार्गाच्या नावावर न जाता टप्प्याटप्प्याने पाहावं.

गाड्या नसलेल्या वाटा फ्रान्समध्ये इतक्या आहेत त्याचं कारण जुनं आहे. 1870 च्या दशकाच्या अखेरीस मंत्री फ्रेसिने यांनी लहान लहान गावांपर्यंत रेल्वे नेण्याची मोठी योजना आखली. पुढे बस आणि मोटारी आल्यावर यातले अनेक फाटे तोट्यात जाऊन बंद पडले. रूळ उखडले, भराव आणि बोगदे राहिले. अशाच एका मार्गावर बरगंडीत जिव्री ते क्लुनी ही देशातली पहिली व्हॉय व्हेर्त 1997 मध्ये सुरू झाली. रेल्वेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे या वाटांचा चढ साधारण दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. क्लुनीच्या पुढे मार्ग मॅकॉंकडे वाढवला, तिथे ब्वा क्लेअरचा 1.6 किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नये. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी तो बंद करतात आणि मग खिंडीवरून चढून जावं लागतं.

दुसरा प्रकार कालव्यांच्या काठच्या वाटांचा. पूर्वी घोडे त्यावरून बोटी ओढत नेत. काठ सपाट असतो, पण त्याचा मालक कालव्याचं खातं असतं, सायकल विभाग नव्हे. त्यामुळे डागडुजीची गाडी किंवा परवानगी असलेला शेतकरी समोर येऊ शकतो. पृष्ठभाग तर जिल्हा बदलला की बदलतो, आणि दिवस कसा जाणार हे त्यावरच ठरतं.

पहिल्या सहलीसाठी आमचं मत स्पष्ट आहे: ल्वार नदीकाठचा मार्ग नको, बोर्दो ते तुलूझ करा. सुमारे 270 किलोमीटर, त्यातलं बहुतेक डांबरी आणि गाड्यांपासून वेगळं. बोर्दोहून गारोन नदीच्या उजव्या काठाने लात्रेनपर्यंत जायचं. तिथून ‘पिस्त रोजे लापेबी’ ही जुन्या रेल्वेमार्गावरची वाट सोव्हतेर-द-ग्वीयेनपर्यंत जाते. दोन्ही मिळून 54 किलोमीटर होतात. वाटेला ज्याचं नाव दिलं आहे तो लापेबी 1937 ची ‘तूर द फ्रान्स’ जिंकला. त्याच वर्षी शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली होती. क्रेओंच्या जुन्या स्टेशनवर थांबायची सोय आहे. पुढच्या ला सोव्हच्या भग्न मठासाठी तासभर हाताशी ठेवा.

सोव्हतेरच्या पुढचा भाग मात्र खरा रस्ता आहे. कालव्यापर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर द्राक्षमळ्यांमधून चढ-उताराचे, सावलीविना आणि गाड्यांसह. सपाटीची सवय झाल्यावर हेच जड जातात, म्हणून सोव्हतेरला मुक्काम करून हा टप्पा सकाळी उरकलेला बरा. फोंते गावाजवळ गारोन कालवा लागला की तुलूझपर्यंत काठ सोडायची गरज नाही.

हा कालवा 193 किलोमीटर लांबीचा असून त्यावर 53 लॉक आहेत. लॉक म्हणजे बोटीला वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या खोल्या. प्रत्येक लॉकपाशी वाट दोन-तीन मीटर उंचावते. चढ इवलासा असतो, पण वळण अरुंद असतं, म्हणून गिअर आधीच हलका करून ठेवावा. जुन्या पुलांखाली वाट पाण्याला खेटून कमानीतून जाते आणि पलीकडून येणारा दिसत नाही. तिथे घंटी वाजवा, वेग कमी करा, उजवीकडून चला. झाडांच्या मुळांनी डांबर जागोजागी फुगवलं आहे. सावलीत ते फुगवटे दिसत नाहीत, आणि आदळून पिशव्यांचे हुक निघतात.

आजेंला कालवा 539 मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. बाजूने सायकलची वाट आहे, पण ती पायी चालणाऱ्यांसाठीही आहे, आणि फोटोसाठी थांबलेल्या घोळक्यातून उतरून चालणंच सोयीचं. मोंतेशला बोटी उताराच्या नाल्यातून वर नेणारं 1974 मधलं यंत्र आहे. ते आता चालत नाही, तरी यंत्रांची आवड असेल तर बघाच. या पट्ट्यात आगगाडीचा मार्ग कालव्याला लागूनच आहे. मार्मांद, आजें, व्हालांस, म्वासाक ही स्टेशनं हाताशी असल्याने पाऊस लागला किंवा गुडघा दुखला तर सहल बुडत नाही. म्हणूनच नवख्यांना हा मार्ग सुचवावासा वाटतो.

तुलूझच्या पुढे सेतपर्यंत जायचं असेल तर मिदी कालवा. पिएर-पोल रिके यांचं हे सतराव्या शतकातलं काम 1996 पासून जागतिक वारशात आहे. पोर-लोरागेपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर छान डांबरी आहेत. मग नोरूझचा माथा लागतो, समुद्रसपाटीपासून जेमतेम 190 मीटर. तिथे पाणी अटलांटिक आणि भूमध्य समुद्र अशा दोन बाजूंना वाटलं जातं. ओद जिल्ह्यात शिरताच वाटेचा नूर बदलतो. काही टप्पे सुधारले आहेत, पण बाकी ठिकाणी मातीची पायवाट, मुळं आणि काठावरून घसरणारी कड आहे. पावसानंतर तिथली चिकणमाती मडगार्ड आणि टायरच्या मध्ये गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर फट ठेवा. जास्तच पाऊस असेल तर कास्तेलनोदारी ते कार्कासोन सरळ आगगाडीने जा, त्यात कमीपणा नाही.

या काठावरच्या, चिनारच्या जातीच्या प्लेन झाडांची सावली भराभर कमी होते आहे. कालव्यावर 2006 मध्ये एका बुरशीचा रोग सापडला. ती झाडाच्या जखमांतून शिरते आणि बोटींमार्फतही पसरते. उपाय नसल्याने हजारो झाडं तोडून जाळावी लागली आणि नवी रोपं अजून सावली देण्याइतकी मोठी नाहीत. जुन्या फोटोंवर भरवसा ठेवून जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर दुपारी भाजून निघाल. मे, जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर हे चांगले महिने. वाऱ्याचंही पाहावं लागतं. ओदमध्ये ‘सेर’ नावाचा वारा वायव्येकडून वाहतो आणि तुलूझहून समुद्राकडे निघालेल्याच्या पाठीला लागतो. ‘ओतां’ आग्नेयेकडून येतो आणि तोच तोंडावर घेत दिवस काढावा लागतो. दोन्ही शक्यता धरून रोजचं अंतर पन्नास-साठ किलोमीटरच ठेवा.

सपाट वाट सोपी वाटते, पण तिची एक खोड आहे. उतार नसल्याने पायांना विसावा नाही आणि चढ नसल्याने सीटवरून उठायचं निमित्त नाही. तासन् तास एकाच बैठकीत पेडल मारल्याने पार्श्वभाग आणि तळहात आधी कुरकुरतात, मांड्या नंतर. दर पंधरा मिनिटांनी मुद्दाम उभं राहून दहा-वीस पेडल मारावेत आणि हँडलवरची पकड बदलत राहावी. सीट अर्धा सेंटिमीटर जरी जास्त उंच असेल तरी इथे लगेच कळतं.

टायर 38 ते 42 मिलिमीटर रुंदीचे हवेत. बोर्दो-तुलूझ 32 वर होईल, पण ओदमध्ये मनगटं बोलतील. पक्क्या डांबरावरची हवा मातीच्या वाटेवर थोडी कमी करावी. दोन ट्यूब, पॅच, तुटलेली चेन जोडायला आपल्या चेनच्या स्पीडची क्विक लिंक, एक ब्रेक पॅडची जोडी आणि मुख्य म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा, आपल्याच फ्रेमचा हँगर न्यावा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि खेड्यात काय, तुलूझमध्येही लगेच मिळेल असं नाही. पांढरट मुरमाच्या वाटांवर पावसात दळलेल्या चुन्यासारखा लगदा तयार होतो. तो चेन आणि ब्रेक पॅड झपाट्याने खातो, म्हणून संध्याकाळी बाटलीभर पाण्याने धुऊन मगच तेल लावावं. गाड्या अडवायला लावलेल्या लोखंडी फाटकांतून रुंद पिशव्या आणि ट्रेलर अडकतात. ट्रेलर सोडवून उचलावा लागेल इतकी काही फाटकं अरुंद आहेत.

भारतातून जाणाऱ्यांनी ई-सायकल तिथेच भाड्याने घ्यावी, कारण तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. साध्या सायकलीसाठीही, खोक्याची यातायात नको असेल तर, बोर्दोहून घेऊन दुसऱ्या टोकाला परत करता येणारी भाड्याची सोय मिळते. शेंगेन व्हिसासाठी राहण्याचे पुरावे आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तेव्हा रद्द करता येणारी बुकिंग करा. ‘आक्के व्हेलो’ म्हणजे ‘सायकलस्वारांचं स्वागत’ अशी पाटी असलेली हॉटेलं आणि कॅम्पिंग मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल कुलपात ठेवायची जागा देतात. कालव्याच्या काठावर मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही.

खाण्याचं वेळापत्रक मात्र पाळावंच लागतं. जेवण बारा ते दीड. नंतर गावातलं स्वयंपाकघर बंद. दुकानं दुपारी दोन-अडीच तास मिटलेली आणि रविवारी दुपारनंतर काही नाही. बेकरी आठवड्यात एक दिवस बंद असते, बहुधा सोमवारी. शाकाहारींनी या भागात खास सांभाळावं. इथे बदकाच्या चरबीत पदार्थ शिजतात, कास्तेलनोदारीचं प्रसिद्ध कासुले दिसतं पांढऱ्या घेवड्यासारखं पण आत मांस असतं, आणि साध्या म्हणून मागवलेल्या सॅलडवरही डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. सकाळीच पाव, चीज आणि फळं घेऊन निघावं. मार्मांदचे टोमॅटो, म्वासाकची शास्ला द्राक्षं आणि आजेंचे सुके आलुबुखारे बाजारात मिळतात. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा. तिथे नळ जवळजवळ असतोच, मात्र ‘नॉं पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

कायदा थोडक्यात: बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं, रात्री गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं, कानात इअरफोन घालून चालवल्यास 135 युरो दंड.

सेतला शेवटचे दहा-बारा किलोमीटर समुद्र आणि ‘तो’ नावाचं सरोवर यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावरून जातात. वाट स्वतंत्र आहे, आडोसा काहीच नाही, म्हणून ते सकाळी संपवा. परतीला प्रादेशिक आगगाड्यांत सायकल सहसा फुकट जाते, पण हुक मोजकेच असतात आणि उन्हाळ्याच्या शनिवारी ते भरतात. लांबच्या आगगाड्यांत, टीजीव्ही या अतिवेगवान गाडीसकट, सायकलची जागा आधीच आरक्षित करावी लागते आणि ती माणसांच्या जागांच्या आधी संपते. त्यामुळे विमानाचं तिकीट ठरलं की लगेच हे आरक्षण करा. ते न मिळाल्यास चाकं काढून 130 बाय 90 सेंटिमीटरच्या पिशवीत सायकल भरा. मग ती सामान धरली जाते.